डिस्कचा नंबर आणि डिस्कचा पत्ता

रात्रीचे अडीच वाजलेत. मोबाइलवर अलर्ट येतो: ओएसडी ७४, म्हणजे ७४ नंबरची डिस्क, बंद पडली. डेटा सेंटरमधला रात्रपाळीचा इंजिनिअर रॅकसमोर जाऊन उभा राहतो. दहा सर्व्हर, प्रत्येकात २४ डिस्क, एकूण २४०. ट्रे सगळे सारखे आणि दिवे बहुतेक सगळे हिरवे, कारण डिस्क आतून खराब झाली तरी तिचा दिवा लाल होईलच असं नसतं. यातली ७४ कुठली? चुकून शेजारची ओढली तर एका आजारी डिस्कच्या जागी दोन डिस्क गेल्या. त्याच वेळी त्याच डेटाची तिसरी प्रत आणखी कुठे अडचणीत असली तर ज्या डेटासाठी हा सगळा डोलारा उभा केला तोच हातचा जाण्याची पाळी.

असा प्रसंग एकदा घडला की पुढच्या मीटिंगमध्ये कुणीतरी हमखास म्हणतं, "नंबरच असे देऊ या ना, की बघताक्षणी जागा कळेल. चौथ्या सर्व्हरचा तिसरा स्लॉट म्हणजे ४०३." सूचना समजूतदार वाटते आणि बहुतेक वेळा सगळे माना डोलावतात. मला ती चुकीची वाटते. का, ते कळण्यासाठी अशा क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरच्या समूहात, डिस्कच्या नंबरकडे नेमकं काय काम असतं ते आधी बघायला हवं.

उदाहरणासाठी सेफ ही प्रणाली घेतो, कारण नंबरांचा प्रश्न तिच्यात सगळ्यांत स्पष्ट दिसतो. एका सर्व्हरमध्ये मावणार नाही इतका डेटा अनेक सर्व्हरच्या डिस्कवर पसरायचा, प्रत्येक तुकड्याच्या सहसा तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायच्या आणि वापरणाऱ्याला सगळं मिळून एकच कोठार दिसू द्यायचं, हे तिचं काम. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत सेज वाइल यांनी पीएचडीसाठी केलेल्या संशोधनातून ती उभी राहिली. २००६ साली तिच्यावरचे महत्त्वाचे शोधनिबंध प्रसिद्ध झाले. सॉफ्टवेअर मुक्त असल्यामुळे विद्यापीठांपासून क्लाउड कंपन्यांपर्यंत पुष्कळ ठिकाणी ती चालते. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ती २०१३ पासून वापरात आहे.

सेफमध्ये साधारणपणे एका डिस्कमागे एक प्रोग्रॅम चालतो. डिस्कवर लिहिणं, वाचणं, इतरांशी बोलून प्रती जुळवून ठेवणं हे सगळं तो करतो. त्याला ओएसडी म्हणतात. बोलताना डिस्क आणि ओएसडी यांत फारसं कुणी फरक करत नाही. मीही इथे बहुतेक ठिकाणी करणार नाही, फक्त जिथे तो फरक महत्त्वाचा आहे तिथे सांगेन.

प्रत्येक ओएसडीला शून्यापासून पुढचा एक नंबर मिळतो. नवी डिस्क जोडली की क्लस्टरचा कारभार बघणारे मॉनिटर नावाचे प्रोग्रॅम सगळ्यांत लहान मोकळा नंबर उचलून तिला देतात. नियम एवढाच. सर्व्हर एकामागून एक जोडत गेलं तर पहिल्या दिवशी चित्र मोठं देखणं दिसतं: पहिल्या सर्व्हरवर ० ते २३, दुसऱ्यावर २४ ते ४७, तिसऱ्यावर ४८ ते ७१. त्या दिवशी ७४ म्हणजे चौथ्या सर्व्हरची तिसरी डिस्क, हे तोंडी सांगता येतं. मग वर्ष जातं. पहिल्या सर्व्हरमधली ७ आणि सातव्यातली १५० अशा दोन डिस्क बाद झाल्या, दोन्ही नंबर मोकळे झाले. नवी डिस्क आधी सातव्या सर्व्हरमध्ये बसवली आणि तिला नंबर मिळाला ७. अशी पाच-सहा वर्षं गेली की नंबरांवरून जागा ओळखण्याची सोय उरत नाही. पुष्कळांना हा बेशिस्तपणा वाटतो आणि नंबर आपल्या हातात घ्यावेत असं वाटू लागतं.

काड्या ओढण्याचा खेळ

एखादी फाइल कुठल्या डिस्कवर आहे हे सेफ कुठल्याही मोठ्या वहीत लिहून ठेवत नाही. वही ठेवली तर प्रत्येकाला प्रत्येक वेळी तीच उघडावी लागेल आणि सगळ्यांची रांग तिथेच लागेल. त्याऐवजी जागा गणिताने काढली जाते. गणित आणि क्लस्टरचा नकाशा सगळ्यांकडे सारखा असतो, म्हणून ज्याला हवं तो स्वतः हिशेब करून थेट योग्य डिस्कशी बोलतो. या गणिताचं नाव क्रश.

डेटाचे आधी गठ्ठे बांधले जातात. सेफच्या भाषेत त्यांना प्लेसमेंट ग्रुप म्हणतात. एकेका गठ्ठ्यासाठी सर्व्हर काड्या ओढतात. ज्याची काडी सगळ्यांत लांब तो जिंकतो. मग त्या सर्व्हरमधल्या डिस्क आपापसांत काड्या ओढतात आणि लांब काडीवाली डिस्क गठ्ठा घेते. दुसऱ्या प्रतीसाठी पुन्हा काड्या, तिसऱ्यासाठी पुन्हा. ही उपमा मी बनवलेली नाही. आज वापरात असलेल्या पद्धतीच्या नावातच काडी आहे: स्ट्रॉ टू.

काडीची लांबी मात्र नशिबावर सोडलेली नसते. गठ्ठ्याचा नंबर, कितवी प्रत हे सांगणारा आकडा आणि डिस्कचा नंबर असे तीन आकडे हॅश नावाच्या गिरणीत दळले जातात. दाणे तेच असले तर पीठ दर वेळी तंतोतंत तेच निघतं, एक दाणा बदलला तर पार वेगळं. जो आकडा बाहेर पडतो तो डिस्कच्या वजनानुसार, म्हणजे तिच्या क्षमतेनुसार, कमीजास्त केला जातो. म्हणून मोठ्या डिस्कच्या वाट्याला जास्त गठ्ठे येतात.

आता पुन्हा त्या तीन आकड्यांकडे बघा. डिस्कचा नंबर त्यांत आहे. ती कुठल्या कंपनीची आहे, कुठल्या स्लॉटमध्ये आहे, नवी आहे की पाच वर्षं जुनी, यातलं काहीही गिरणीत जात नाही. नंबर जातो. त्यामुळे नंबर बदलला की त्या डिस्कच्या सगळ्या काड्यांची लांबी बदलते आणि खराखुरा डेटा नेटवर्कवरून हलायला लागतो.

किती हलतो, ते ७४ वरच बघू. तिच्यात ३ टेराबाइट डेटा होता असं धरा. ती बंद पडून १० मिनिटं झाली की सेफ तिला वाटणीतून बाहेर काढतं. मूळ सेटिंग ६०० सेकंदांचं आहे, ते बदलता येतं. मग तिच्यावरचे गठ्ठे दुसऱ्या प्रतींवरून इतरत्र पुन्हा तयार होऊ लागतात. हे ३ टेराबाइट हलणं गरजेचंच आहे, त्यासाठीच तर प्रती ठेवल्या. या टप्प्यावर तिच्या सर्व्हरचं वजन, म्हणजे त्यातल्या डिस्कच्या वजनांची बेरीज, मात्र नकाशात होतं तेवढंच राहतं.

आता इंजिनिअरने ७४ ला पर्ज केलं, म्हणजे क्लस्टरच्या सगळ्या नोंदींमधून खोडून टाकलं. तिच्या सर्व्हरचं वजन चोविसाव्या हिश्शाने घटलं. सर्व्हरच्या पातळीवर काड्या ओढताना त्याची काडी आता थोडी आखूड पडते, म्हणून आधी जिंकलेले काही गठ्ठे तो इतर सर्व्हरना हरतो. यातले बहुतेक गठ्ठे उरलेल्या तेवीस धडधाकट डिस्कवर सुखाने बसलेले होते. ढोबळ हिशेबाने एका डिस्कभर डेटा काही कारण नसताना प्रवासाला निघतो. दोन दिवसांनी नवी डिस्क लावली की वजन पुन्हा वाढतं आणि तेवढाच डेटा उलट वाटेने परत येतो. त्यात नव्या डिस्कला ७४ ऐवजी दुसराच एखादा मोकळा नंबर मिळाला असेल तर तिच्या काड्या वेगळ्या, म्हणून तिच्याकडे येणारे गठ्ठेही वेगळे. हे सगळं चालू असताना नेटवर्क आणि बाकीच्या डिस्क दमतात, वापरणाऱ्यांची कामं मंदावतात. मला सगळ्यांत जास्त खटकतं ते हे, की क्लस्टर आधीच एका डिस्कने लंगडा असतो आणि नेमकं तेव्हाच आपण त्याच्या पाठीवर जादा ओझं टाकतो.

दुसरी वाट २०१७ च्या ल्युमिनस आवृत्तीपासून सोपी झाली. तिच्यात पर्जऐवजी डिस्ट्रॉय वापरायचं. नाव ऐकून धडकी भरते, पण कृती उलट सौम्य आहे: जुन्या डिस्कच्या चाव्या रद्द होतात, ती नष्ट झाल्याची खूण नकाशात होते, आणि तिचा नंबर, वजन, नकाशातली जागा जशीच्या तशी राखून ठेवली जाते. नवी डिस्क तयार करताना सांगायचं की हिचा नंबर ७४. तेच तीन दाणे गिरणीत जातात, त्याच काड्या निघतात, गठ्ठ्यांची वाटणी पूर्वी होती तशीच होते. नव्या डिस्कमध्ये ३ टेराबाइट भरले जातात आणि विषय संपतो. डिस्क आधीपेक्षा मोठी आणली असेल तर वजन वाढेल आणि थोडे जादा गठ्ठे येतील, पण ती हालचाल आपण ठरवून केलेली असते.

गट नंबर, माणूस आणि घर

ज्याने सातबारा हाताळला आहे त्याला हे लगेच पटेल. गट नंबर जमिनीचा असतो, मालकाचा नव्हे. जमीन विकली की फेरफार होतो, जुन्या नावाला कंस पडतो, नवं नाव चढतं. गट नंबर तोच राहतो आणि शेजाऱ्याच्या बांधाला कुणी हात लावत नाही. ओएसडीचा नंबर या गट नंबरासारखा आहे. क्लस्टरच्या डेटातला एक ठरावीक वाटा म्हणजे ७४. तो वाटा आज कुठली लोखंडी डिस्क कसते आहे, हा वेगळा प्रश्न.

सगळा गोंधळ होतो तो तीन वेगळ्या ओळखी एकाच आकड्यात कोंबायला गेल्यामुळे. पहिली ओळख वाट्याची, तो ओएसडी नंबर. दुसरी खुद्द त्या डिस्कची, म्हणजे कारखान्यातून छापून आलेला सिरीयल नंबर, जो ती डिस्क मोडीत निघेपर्यंत बदलत नाही. तिसरी जागेची: कुठला रॅक, कुठला सर्व्हर, कुठला स्लॉट. नवी डिस्क आली की सिरीयल बदलतो, नंबर आणि जागा तीच. डिस्क उचलून दुसऱ्या सर्व्हरमध्ये लावली की जागा बदलते, नंबर आणि सिरीयल तेच. तिन्ही आपापल्या वेळी, आपापल्या कारणाने बदलतात, त्यामुळे त्यांतल्या दोन कायमच्या शिवून टाकल्या की एक दिवस शिवण उसवणारच.

लिनक्स देतो ती एसडीए, एसडीबी ही नावं मी ओळख म्हणून धरतच नाही. मशीन सुरू होताना डिस्क ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने ती वाटली जातात. रीबूटनंतर कालची एसडीसी आज एसडीडी असू शकते. या नावावर विसंबून डिस्क पुसायला घेणं म्हणजे चालत्या एसटीत डोळे मिटून कुणाच्याही हातावर तिकीट ठेवण्यासारखं आहे. लिनक्समध्येच सिरीयलवरून आणि जोडणीच्या मार्गावरून बनलेली स्थिर नावंही मिळतात. वापरायची ती वापरावीत.

नंबरात पत्ता भरणं नेहमीच वाईट, असं मात्र नाही. आपला पिन कोड याच तत्त्वावर उभा आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला. त्याची रचना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही होते. सहा आकड्यांतला पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, ४०० ने सुरू झाला तर मुंबई, ४११ ने सुरू झाला तर पुणे. पन्नास वर्षांहून जास्त काळ ही व्यवस्था चोख चालली, कारण ती ज्या गोष्टीला नंबर देते ते टपाल कार्यालय जागेला बांधलेलं असतं. गाडीच्या पाटीचं तसं नाही. एमएच १२ ची गाडी मालकाच्या बदलीबरोबर नागपूरला जाते, तिथे वर्षानुवर्षं फिरते आणि पाटी पुणं पुणं म्हणत राहते.

डिस्क टपाल कार्यालयासारखी की गाडीसारखी? तिचा ट्रे बघितला तरी उत्तर मिळतं. चालू मशीनमधून ओढून काढता यावी आणि दुसरीकडे सरकवता यावी म्हणूनच तो बनवला आहे. सर्व्हरचा मदरबोर्ड गेला की त्यातल्या चोवीसच्या चोवीस डिस्क दुसऱ्या रिकाम्या सर्व्हरमध्ये लावणं ही नेहमीची दुरुस्ती आहे. ओएसडीचा नंबर त्या डिस्कवरच लिहिलेला असतो, त्यामुळे ती जाईल तिथे नंबर सोबत नेते. नव्या सर्व्हरवर सुरू होताना, मूळ सेटिंग बदललेलं नसेल तर, ती नकाशात स्वतःची जागाही नव्या सर्व्हरखाली नोंदवून घेते. नकाशा खरं सांगतो. ४०३ हा नंबर मात्र आता अकराव्या सर्व्हरमध्ये बसून चौथ्याचं नाव सांगतो. काहीच न सांगणाऱ्या नंबरापेक्षा खोटं सांगणारा नंबर जास्त घातक, कारण रात्री अडीचला माणूस त्यावर विश्वास ठेवतो.

याहून गंभीर मुद्दा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ४०३ मध्ये आपण चौथा सर्व्हर वाचतो, क्रश वाचत नाही. गिरणीच्या दृष्टीने ४०३ हा ७४ सारखाच एक दाणा. तिन्ही प्रती एकाच रॅकमध्ये पडू नयेत, रॅकची वीज गेली तरी डेटा मिळत राहावा, ही हमी हवी असेल तर रॅक नकाशात असायला हवा. सेफमध्ये त्यासाठी अख्खं झाड मांडता येतं: डेटा सेंटर, खोली, रांग, रॅक, सर्व्हर आणि टोकाला पानं म्हणजे ओएसडी. गंमत अशी की नंबरांची सरमिसळ होऊ नये म्हणून या झाडातल्या फांद्यांना ऋण नंबर मिळतात आणि शून्यापासूनचे धन नंबर फक्त पानांसाठी राखलेले असतात. जागेची माहिती लिहायचं खरं ठिकाण हे झाड. नंबरात जागा भरली आणि झाड मात्र सपाट ठेवलं, असे क्लस्टर असतात. तिथे सुरक्षितता माणसाच्या डोळ्याला दिसते, यंत्राच्या हिशेबात नसते.

भोकं पडलेली यादी

स्वतः नंबर ठरवण्याची थोडी भौतिक किंमतही आहे. क्लस्टरच्या नकाशात ओएसडींची यादी सलग असते: शून्यापासून सगळ्यांत मोठ्या नंबरापर्यंत प्रत्येकासाठी एक खण, वापरात असो वा नसो. सर्व्हर आणि स्लॉट जोडून नंबर दिले तर दहा सर्व्हरसाठी ते १०१ ते १०२४ असे जातील. डिस्क २४० आणि खण १,०२५. डिस्क वर-खाली झाली, वजन बदललं की नकाशाची नवी आवृत्ती निघते, आणि प्रत्येक ओएसडी बऱ्याच आवृत्त्या मेमरीत धरून ठेवते. सेफच्या अधिकृत मार्गदर्शिकेत म्हणूनच सल्ला आहे की सहसा नंबर आपण देऊ नये, सगळ्यांत लहान मोकळा नंबर प्रणालीला निवडू द्यावा.

दोन-चारशे डिस्कच्या क्लस्टरमध्ये ही भोकं जाणवणारही नाहीत, हे मान्य. हजारोंच्या घरात गेलं की जाणवतात. सर्नने २०१५ मध्ये ७,२०० ओएसडींचा, सुमारे ३० पेटाबाइटचा क्लस्टर उभारून सेफची कसोटी घेतली, तेव्हा नकाशाच्या आवृत्त्यांनी खाल्लेली मेमरी ही त्यांच्यापुढची एक मोठी अडचण होती. किती आवृत्त्या धरून ठेवायच्या हा आकडा त्यांना बराच खाली आणावा लागला. तिथे नंबर सलग होते तरी ही स्थिती.

हौसेने रॅकही नंबरात घातला तर दुसऱ्या रॅकच्या चौथ्या सर्व्हरचा तिसरा स्लॉट होतो २०४०३, आणि इथे गाडी अडते. ओएसडींच्या यादीची कमाल लांबी सेफमध्ये मुळात १०,००० ठेवलेली आहे. ती वाढवता येते, पण २४० डिस्कसाठी वीस हजार खणांची यादी बाळगण्यात कसलं शहाणपण?

काही जण मधला मार्ग काढतात. प्रत्येक सर्व्हरला सलग नंबरांचा एक पट्टा नेमून देतात आणि डिस्क बदलताना त्याच पट्ट्यातला नंबर हाताने देतात. छोट्या क्लस्टरमध्ये, दोन-तीनच माणसं सांभाळणारी असतील तर हे चालतं, भोकंही पडत नाहीत. पण ही शिस्त माणसांच्या डोक्यात राहते. डिस्क आपोआप जोडणारी यंत्रणा लावली की ती बिचारी आपल्या नियमाने सगळ्यांत लहान मोकळा नंबर उचलते आणि पट्टा पहिल्याच आठवड्यात मोडतो.

एसएसडीला १००० च्या पुढचे नंबर आणि साध्या डिस्कना त्याखालचे, अशीही एक जुनी पद्धत होती. तिची गरज आता राहिलेली नाही. ल्युमिनसपासून प्रत्येक ओएसडीला तिचा वर्ग चिकटवता येतो आणि अमुक डेटा फक्त एसएसडीवर असा नियम थेट लिहिता येतो. शिवाय एका वेगवान एनव्हीएमई डिस्कवर दोन ओएसडी चालवण्याची पद्धतही आहे. तिथे एका स्लॉटला दोन नंबर होतात आणि स्लॉटवरून नंबर ठरवण्याचं गणितच कोलमडतं.

हे सगळं सेफचं. प्रत्येक प्रणालीत नंबरांचा स्वभाव वेगळा असतो, म्हणून इथला नियम तिथे लावण्याआधी हिशेब नीट बघावा. ग्लस्टर या दुसऱ्या साठवण प्रणालीत तर नंबरच नसतात. तिथे सर्व्हरचं नाव आणि फोल्डरचा मार्ग मिळून एक वीट होते, आणि व्हॉल्यूम, म्हणजे विटांचं मिळून एक कोठार, तयार करताना विटा ज्या क्रमाने लिहाल त्या क्रमाने लागोपाठच्या विटा एकमेकींच्या प्रती बनतात. तीन प्रती ठरवल्या आणि पहिल्या तिन्ही विटा एकाच सर्व्हरच्या लिहिल्या, तर तो सर्व्हर बंद पडताच तिन्ही प्रती एकदम जातात. तिथे क्रमातच सुरक्षितता आहे आणि तो क्रम माणसानेच विचार करून लिहायचा असतो.

नंबर पुन्हा वापरण्याचा एक तोटा सांगायलाच हवा. देखरेखीच्या आलेखात ७४ ची रेघ सलग दिसते, पण तिचा अर्धा भाग जुन्या डिस्कचा आणि अर्धा नवीचा असतो. जुनीने दिलेल्या वाचनाच्या चुका नवीच्या माथी बसतात, चांगली डिस्क संशयाने काढली जाते. यावर उपाय म्हणजे डिस्कच्या तब्येतीचा इतिहास सिरीयल नंबराखाली ठेवणं आणि वाट्याचा भार ओएसडी नंबराखाली. सेफ स्वतःही दोन डिस्कची गल्लत करत नाही, कारण प्रत्येक ओएसडीला नंबराखेरीज एक लांबलचक अनन्य ओळखचिन्हही असतं. बदलून बाजूला ठेवलेली जुनी ७४ कुणी चुकून पुन्हा मशीनमध्ये खुपसली, तर नंबर जुळतो पण चिन्ह जुळत नाही आणि मॉनिटर तिला आत घेत नाहीत.

आता पुन्हा रात्री अडीचला, त्या रॅकसमोर. नंबर जागा सांगत नाही, मग डिस्क शोधायची कशी? क्लस्टरलाच विचारायचं. ७४ ची माहिती मागितली की ती कुठल्या सर्व्हरवर होती आणि तिचा सिरीयल काय, हे तो सांगतो. समजा उत्तर आलं सातवा सर्व्हर. तिथे दिवा लुकलुकवण्याची आज्ञा द्यायची. डिस्क मेलेली असली तरी दिवा बहुधा पेटतो, कारण तो सर्व्हरच्या खोक्याच्या ताब्यात असतो. खोकं जुनं असेल आणि दिवा ऐकत नसेल, तर उलट बाजूने जायचं: उरलेल्या तेवीस डिस्कवर थोडा वेळ सतत वाचन चालू ठेवायचं. सगळ्यांचे दिवे फडफडू लागतात आणि जो गप्प राहतो तो आपला.

तरी लगेच ओढायची नाही. ट्रेवरचा स्टिकर बघायचा. त्यावर ओएसडीचा नंबर लिहू नये असं माझं ठाम मत आहे. सिरीयलचे शेवटचे चार आकडे लिहावेत, ठसठशीत, टॉर्चच्या उजेडात वाचता येतील असे. पडद्यावरचे चार आणि स्टिकरवरचे चार मोठ्याने वाचून जुळवायचे, फोनवर दुसरा माणूस असेल तर त्याच्याकडूनही वाचून घ्यायचे. मग क्लस्टरला विचारायचं की ही डिस्क नष्ट केली तर कुठला डेटा धोक्यात येईल का. त्यासाठी स्वतंत्र आज्ञा आहे, आणि गठ्ठे इतरत्र पुरते तयार होईपर्यंत ती स्पष्ट नकार देते. नकार आला तर थांबायचं. चहा घेऊन यायचा, पण थांबायचं.

होकार आला की डिस्ट्रॉय, ट्रे बाहेर, चार स्क्रू, नवी डिस्क, नवा स्टिकर, ट्रे आत. तयार करताना नंबर ७४ सांगायचा. थोड्या वेळात गठ्ठे परत यायला लागतात. सकाळच्या पाळीचा माणूस येतो तेव्हा पडद्यावर ७४ पुन्हा हिरवी असते आणि रजिस्टरमध्ये एक ओळ वाढलेली असते: सातवा सर्व्हर, अठरावा स्लॉट, जुना सिरीयल, नवा सिरीयल, तारीख, सही.